हृदय किती देते, हे शिकवणारे औरादे सर

औरादे सरांची आणि माझी ओळख झाली ती मी नापास झाल्यामुळे. नांदेडच्या वैद्यकीय महाविद्यालयात मी पहिल्या वर्षाला होते. वडील देगलूर डेपोत एसटीचे कंडक्टर, माझे शिक्षण बारावीपर्यंत तिथेच झालेले, आणि इंग्रजीशी माझे नाते धड्याखालच्या प्रश्नोत्तरांपुरतेच होते. पहिल्या चाचणीत शरीरक्रियाशास्त्राच्या पेपरात प्रश्न आला: हृदय दर मिनिटाला किती रक्त बाहेर टाकते आणि त्याचे नियंत्रण कसे होते? उत्तर मला येत होते. एक पानभर इंग्रजीत लिहिले आणि मग माझ्याजवळचे शब्दच संपले. घड्याळात अजून अर्धा तास होता. कोरा कागद देऊन यायचे जिवावर आले, म्हणून पुढची दोन पाने मी सरळ मराठीत लिहून काढली.

आठवड्याने शिपाई निरोप घेऊन आला की विभागप्रमुखांनी बोलावले आहे. खोलीतल्या मैत्रिणीने धीर द्यायचा म्हणून सांगितले की फार तर घरी पत्र जाईल.  सरांच्या खोलीत गेले तेव्हा ते माझीच उत्तरपत्रिका वाचत होते. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कपाळावर विभूतीची पुसट रेघ. वर न पाहता त्यांनी मराठीतले एक वाक्य मोठ्याने वाचले, "हृदयाकडं जेवढं रक्त परत येतं तेवढंच ते पुढं ढकलतं, स्वतःच्या मनानं जास्त ढकलू शकत नाही." मग विचारले, "हे कुठल्या पुस्तकात वाचलं?"

कुठेच वाचले नव्हते. वर्गात त्यांनीच इंग्रजीत सांगितलेले होते, ते मला जसे कळले तसे मी लिहिले होते. मी तसे सांगितले. सर म्हणाले, "उत्तर बरोबर हाय. भाषा परीक्षकाची न्हाई, एवढंच. भाषा मी शिकवीन. समजणं मला शिकवता आलं नसतं."

सर वर्गात प्रमाण इंग्रजी बोलत आणि खोलीत निलंग्याची मराठी, हे मला त्या दिवशी कळले. मार्क मात्र त्यांनी वाढवले नाहीत. नापास ती नापासच राहिले. पण पुढचे सहा महिने दर शनिवारी दुपारी चार वाजता मी आणि माझ्यासारखी आणखी चार मुले त्यांच्या खोलीत बसू लागलो. ते आधी विषय मराठीत बोलायला लावत, मग तोच इंग्रजीत लिहायला. वार्षिक परीक्षेत आम्ही पाचही जण पास झालो. त्या खोलीत आम्हांला कोणी गावंढळ म्हटले नाही, आणि नांदेडसारख्या तेव्हा मला अफाट वाटणाऱ्या शहरात ती एकच जागा अशी होती जिथे मी तोंड उघडताना घाबरत नसे.

सरांचे घराणे निलंग्याचे. वडिलांचे किराणा दुकान, थोडी उसाची शेती. घरात शिवपूजा आणि दुकानात गिऱ्हाईक, या दोन्ही ठिकाणी सारखाच नम्रपणा असे ते सांगत. आलेल्या माणसाला "शरणार्थ" म्हणून हात जोडायची त्यांची सवय विभागप्रमुख झाल्यावरही गेली नाही. शिपाई असो की अधिष्ठाता, पहिला नमस्कार सरांचा असे.

त्यांचा सगळा जन्म एका प्रश्नाच्या मागे गेला असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. छातीच्या पिंजऱ्यात बंद असलेले हे मुठीएवढे स्नायूचे पोते मिनिटाला किती रक्त देते, हे आत न शिरता कसे ओळखायचे? निरोगी माणूस स्वस्थ बसलेला असताना सुमारे पाच लिटर, हे पुस्तकात असते. पण पाच हा आकडा कुणी, कसा मोजला, हे ठाऊक नसेल तर तो आकडा पाठ करू नका, असे सर सांगत. आणि सांगून थांबत नसत.

दुसऱ्या सत्रात एका रविवारी ते आम्हां वीसेक मुलांना एसटीने निलंग्याला घेऊन गेले. त्यांच्या चुलत भावाचा, शिवराजआप्पांचा, तिथे ऊस होता. विहिरीवरची मोटर सुरू होती आणि पाटातून पाणी वाहत होते. सरांनी पिशवीतून सलाइनची बाटली काढली, तिच्यात कपड्यांना घालायची नीळ कालवलेली होती. पाटाच्या तोंडाशी एक काठी रोवून बाटली उलटी टांगली आणि नळीतून निळे थेंब ठरावीक वेगाने पाण्यात पडू दिले. आम्हांला पन्नास पावले खाली उभे करून तिथले पाणी परीक्षानळ्यांत भरून घ्यायला लावले. घरून त्यांनी कमी-जास्त निळाईच्या नळ्या आधीच बनवून आणल्या होत्या. आमच्या नळीतला रंग त्यातल्या कुठल्या नळीशी जुळतो ते पाहायचे. रंग जितका फिका तितके पाणी जास्त. त्यावरून पाटातून मिनिटाला किती पाणी जाते याचे गणित आम्ही बांधावर बसून केले.

शिवराजआप्पा मिशीत हसत पाहत होते. "एवढ्यासाठी नांदेडहून आलाव व्हय? पाणी किती हाय ते मला इचारायचं की," असे त्यांचे म्हणणे. मग त्यांनी पाट वळवून एक पिंप भरून दाखवले आणि सरांनी घड्याळ लावले. आमचे गणित आणि त्यांचे पिंप यांत फार थोडा फरक निघाला. तेव्हा सर म्हणाले की पिंप भरून मोजता येते तिथे नीळ लागत नाही. पण माणसाची धमनी कापून पिंप भरता येत नाही, म्हणून शहाण्या माणसांनी शिरेत रंग सोडून पुढे तो किती फिका झाला हे पाहायची रीत काढली. पुढे रंगाऐवजी गार पाणी सोडू लागले आणि रक्त किती गार झाले ते पाहू लागले. युक्ती तीच. त्या दिवशी दुपारी आप्पांच्या घरी ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि आंबट चुक्याची भाजी खाऊन आम्ही परत निघालो. आज रुग्णाच्या छातीवर इकोचा दांडा ठेवून मी पडद्यावर त्याच प्रश्नाचे उत्तर चिमूटभर वेळात वाचते. पण तो निळा पाट पाहिला नसता तर पडद्यावरचा आकडा माझ्यासाठी नुसता आकडाच राहिला असता.

सरांना खोटे मोजमाप खपत नसे. याचा अनुभव मी स्वतःच्या अंगावर घेतला आहे आणि तो इथे नोंदवणे माझे कर्तव्य आहे. प्रयोगशाळेत आम्ही लाकडी पायरीवर चढउतार करून नाडी मोजत असू, आणि तोंडाला नळी लावून सोडलेला श्वास मोठ्या रबरी पिशवीत गोळा करून शरीराने मिनिटाला किती प्राणवायू घेतला ते काढत असू. शरीराने घेतलेला प्राणवायू आणि रक्ताच्या प्रत्येक लिटरने पोहोचवलेला प्राणवायू, हे दोन कळले की किती लिटर रक्त फिरले ते कळते. मोजमापाची ही दुसरी रीत. माझी पायरी चढण्याआधीची, स्वस्थ बसलेली नाडी एकशे आठ आली. पुस्तकात बहात्तर लिहिलेले. मला वाटले मीच चुकले. मी वहीत चौऱ्याहत्तर लिहिले आणि पुढचे सगळे आकडे त्याला शोभतील असे बसवले.

सर टेबलाजवळून जाताना थांबले. वही पाहिली. त्यांनी माझे मनगट धरले आणि पूर्ण मिनिटभर घड्याळाकडे पाहत राहिले. सगळा वर्ग पाहत होता. मला धरणीने पोटात घ्यावे असे झाले. मनगट सोडून ते इतकेच म्हणाले, "पुस्तकातलं हृदय तुझ्या छातीत हाय का?" मग खिडकीच्या उजेडात नेऊन त्यांनी माझ्या डोळ्यांच्या खालच्या पापण्या पाहिल्या. त्या पांढऱ्याफटक होत्या. वसतिगृहाच्या जेवणावर आणि दोन वेळच्या चहावर वर्षभर राहिलेल्या माझ्या अंगात रक्तच कमी होते, आणि कमी रक्तात सगळीकडे प्राणवायू पोहोचवायचा म्हणून बिचारे हृदय धावत होते. खरा आकडा तेच सांगत होता आणि मी तो खोडला होता.

त्या संध्याकाळी सर मला आपल्या घरी घेऊन गेले. सरांच्या पत्नीची, काकूंची, आणि माझी ती पहिली भेट. गंगाकाकूंनी एकदा माझ्याकडे आणि एकदा सरांकडे पाहिले आणि विचारले की ही पोर रोज जेवते का. मग पुढचे चार महिने रोज संध्याकाळी मी काकूंच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवले. बाजरीची भाकरी, पालेभाजी, गूळ-शेंगदाणे. सरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या मी घेते की नाही हेही काकूच पाहत. चार महिन्यांनी सरांनी पुन्हा नाडी मोजली. ब्याऐंशी. त्यांनी माझ्या जुन्या वहीतल्या खोट्या चौऱ्याहत्तरवर रेघ मारली, वर एकशे आठ लिहिले आणि खाली त्या दिवसाची ब्याऐंशी. ती वही माझ्याजवळ आहे.

एमबीबीएस झाल्यावर सरांची इच्छा होती की मी त्यांच्याच विभागात पदव्युत्तर शिक्षण घ्यावे. त्यांनी तसे बोलून दाखवले नाही, पण प्रयोगशाळेच्या कपाटांच्या किल्ल्या माझ्या हाती देऊ लागले, त्यावरून मला कळत होते. मला मात्र रुग्ण पाहायचे होते. मेडिसिनला प्रवेश मिळाला आणि महिनाभर मी सरांना तोंड दाखवले नाही. शेवटी गेले तेव्हा ते रबरी पिशवीचे छिद्र बुजवत बसले होते. मी बोलायच्या आधीच त्यांनी सांगितले की त्यांना कळले आहे. "जा. चांगलं केलंस," ते म्हणाले, "फक्त यंत्राच्या आधी हाताला विचारत जा." किल्ल्या मी टेबलावर ठेवल्या. त्या किल्ल्या पुढे कुणी मागितल्या नाहीत. सर निवृत्त झाल्यावर ती पायरी, त्या पिशव्या, ते पाऱ्याचे दाबमापक भांडारात गेले. संगणकावर प्रयोग होतात आता, आणि तेही वाईट नाहीत. तरी त्या इमारतीवरून गेले की माझी चाल आपोआप मंदावते. जे मी नाकारले त्याचीच मला ओढ वाटते.

हाताला विचारण्याची गोष्ट मात्र दोनच वर्षांनी खरी ठरली. मी वॉर्डात निवासी डॉक्टर होते. बिलोली तालुक्यातल्या एका खेड्यातून सोजरबाई नावाची चाळिशीची बाई दाखल झाली. शेतकरी घरातली, कष्टाळू. पाय गुडघ्यांपर्यंत सुजलेले, चार पावले चालली की धाप. दोन-तीन ठिकाणी दाखवून झाले होते आणि सगळीकडे हृदय कमजोर झाले म्हणून लघवीची औषधे दिलेली. ती घेतली की सूज उतरे, थांबवली की पुन्हा चढे. रक्ताची कमतरता नव्हती, झडपांचा आवाज नव्हता, थायरॉइडची तपासणी ठीक होती. तिचा नवरा किसनराव दारात बसून असे. एकदा त्याने मला हळूच विचारले, "डागदरीनबाई, खरं सांगा. घरी न्यावं का? लेकराची दहावी हाय. आईला बघून तर घेईल."

त्याच दुपारी सरांकडे गेले. सर वॉर्डाचे डॉक्टर नव्हते, तेव्हा माझ्या वरिष्ठांची परवानगी काढून ते आले. आधी त्यांनी सोजरबाईंना "शरणार्थ, माय" म्हटले आणि खाटेशेजारी स्टुलावर बसून त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. बराच वेळ तसेच बसले. मग मला म्हणाले, "हात बघ."

हात गरम होते. ऊबदार, आणि नाडी बोटांखाली उसळत होती. मी दहा दिवस ते हात रोज धरत होते आणि मला ते दिसले नव्हते. सर म्हणाले की थकलेले हृदय कमी रक्त देते तेव्हा हातपाय गार पडतात. हे हृदय कमी देत नाही, गरजेपेक्षा फार जास्त देत आहे, आणि देता देता थकले आहे. मग इतके रक्त परत येते तरी कुठून? शरीरात कुठेतरी रक्ताला आडवाट फुटली असली पाहिजे, जिथून ते अवयवांत न जाता धमनीतून सरळ शिरेत उतरते आणि भराभर हृदयाकडे परत येते. परत आले की हृदयाला ते पुढे ढकलणे भागच.

त्यांनी सोजरबाईंना विचारले की अंगाला कधी खोल जखम झाली होती का.  सोजरबाईंनी नवऱ्याकडे पाहून मान खाली घातली. मग मला जवळ बोलावून कानात सांगितले की आठ-नऊ वर्षांपूर्वी ज्वारी काढताना विळा मांडीत घुसला होता. रक्त लई गेले होते, गावातच फडके बांधून राहिले. तिथे आत काहीतरी गुणगुणते. पण अशा जागी कुणाला दाखवायचे, म्हणून बोलल्या नाहीत.

पडदा ओढला. सर पडद्याबाहेर, तोंड फिरवून उभे राहिले. त्यांनी पडद्याच्या कडेतून फक्त सोजरबाईंचे मनगट हाती घेतले. मी आत होते. मांडीवर बोटभर जुना वण होता. त्यावर हात ठेवला तर खालून गिरणी चालावी तशी थरथर लागत होती. स्टेथोस्कोप ठेवला तर न थांबणारी घरघर. मी तसे सांगितले. सर म्हणाले, "दाब. पूर्ण."

मी दोन्ही अंगठ्यांनी दाबले. घरघर बंद झाली. पडद्यापलीकडून सर नाडी मोठ्याने मोजू लागले, आणि मोजता मोजता त्यांचे आकडे संथ होत गेले. एकशे बाराची नाडी शहाऐंशीवर आली. "सोड," ते म्हणाले. ती पुन्हा चढली. "आणखी एकदा दाब." पुन्हा उतरली. आत पडलेल्या सोजरबाईंनी मला विचारले, "छातीतलं धडधड थांबल्यावानी झालं. काय केलं व बाई?" माझ्या डोळ्यांतून पाणी येत होते, आणि दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळे ते पुसताही येत नव्हते.

पडदा सारल्यावर सरांनी किसनरावांना जवळ बसवले आणि त्यांच्या भाषेत सांगितले, "मोटर चांगली हाय. पाट फुटलाय. फुटलेला पाट बुजवता येतो." शिरा-धमन्यांची शस्त्रक्रिया तेव्हा आमच्याकडे होत नव्हती, हैदराबादला होत होती. किसनराव बिलोलीच्या पलीकडे कधी गेलेले नव्हते. मला रजा मिळेना. सरांनी स्वतःची चार दिवसांची रजा टाकली आणि त्या दोघांना घेऊन ते गेले. तिथे ते थोडे तेलुगू, थोडे दखनी बोलून सगळी कामे करून घेत होते, असे किसनराव नंतर कौतुकाने सांगत. शस्त्रक्रिया झाली. तीन आठवड्यांत सोजरबाईंच्या पायांची सूज गेली ती आजवर आलेली नाही. त्या हिवाळ्यात त्या स्वतः चालत महाविद्यालयाचा जिना चढून हुरड्याची पिशवी घेऊन सरांच्या खोलीत आल्या. जिना चढल्यावर त्यांना किती धाप लागली ते सरांनी मोजले आणि मगच हुरडा घेतला. त्यांचा मुलगा पुढे शिक्षक झाला. वर्षातून एकदा त्या मला भेटायला, मी आता जिथे रुग्ण पाहते त्या देगलूरला येतात आणि पहिला प्रश्न असतो, "सर कसे हायेत?"

एवढ्या अचूक हातांना आपल्या घरी मात्र हार मानावी लागली. काकूंना लहानपणी सांधेदुखीचा ताप आला होता आणि त्यात हृदयाची एक झडप आखडली होती. शिरेतून आत नेलेल्या फुग्याने ती एकदा उघडूनही झाली होती. वय वाढले तशी ती पुन्हा आखडली, आणि नंतर हृदयच दमले. सर रोज सकाळी त्यांची नाडी, वजन, पायांची सूज एका वहीत लिहीत. औषध पाव गोळीने कमी-जास्त करत. मी रविवारी देगलूरहून जात असे तेव्हा ती वही मला दाखवत आणि आम्ही दोघे आकड्यांवर बोलत बसत असू. एका दुपारी काकूंनी आमचे बोलणे ऐकून घेतले आणि हसून म्हणाल्या, "मी काय तुमचं प्रॅक्टिकल हाय का व? ती वही ठेवा बाजूला. जरा जवळ बसा."

सरांनी वही मिटली.  त्यानंतर औषधे चालू राहिली, पण वही पुन्हा उघडली गेली नाही. काकूंना बरे वाटत असेल त्या संध्याकाळी सर त्यांना रिक्षाने गोदावरीच्या घाटावर नेत आणि दोघे पायरीवर बसून राहत. मी एकदा त्यांच्यासोबत होते. काकू पाण्याकडे पाहत होत्या आणि सर काकूंकडे. त्यांच्या हातात काकूंचा हात होता, पण बोटे नाडीवर नव्हती. सरांकडून मी पुष्कळ काही शिकले. कुठे मोजायचे थांबावे, हे मी त्या संध्याकाळी शिकले.

काकू गेल्याला आता सहा वर्षे झाली. वर्षभर सर नांदेडच्या घरात एकटे राहिले आणि मग मुलगी गौरी त्यांना बंगळुरूला घेऊन गेली. गौरी त्यांची उत्तम काळजी घेते, नातवंडे जीव लावतात, तिथली हवा चांगली आहे. सरांची तक्रार नाही. पण रविवारी सकाळी त्यांचा फोन येतो, आणि त्यात माझ्या रुग्णांची चौकशी झाली की हळूच एखादा प्रश्न येतो. गोदावरीला पाणी किती आहे. निलंग्याकडे यंदा तूर कशी आहे. दारातल्या तगरीला फुले येतात का. घराची किल्ली माझ्याकडे असते, महिन्यातून एकदा मी जाऊन खिडक्या उघडते. तगर फुललेली असते. मी तसे सांगते. एकदा ते म्हणाले, "इथं समदं हाय गं. 'शरणार्थ' म्हणलं तर उत्तर बी मिळतं, कानडीत. तिकडचं कुणी येत न्हाई एवढंच." आणि लगेच त्यांनी विषय बदलून माझ्या आईच्या गुडघ्यांबद्दल विचारले.

त्यांच्या या ओढीपुढे माझी ओढ लहान आहे, तरी ती सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही. एखादा रुग्ण उलगडत नाही तेव्हा मला अजूनही गाडी काढून नांदेडला सरांच्या दारात जावेसे वाटते. फोनवर ते सगळे ऐकून घेतात, अचूक प्रश्न विचारतात. पण फोनवरून त्यांना रुग्णाचा हात हातात घेता येत नाही आणि मला त्यांच्या चेहऱ्यावरचा तो क्षण पाहता येत नाही, ज्यात त्यांना कळलेले असते आणि ते आपल्याला कळायची वाट पाहत थांबलेले असतात. इतक्या वर्षांत माझ्या हाताखाली पुष्कळ तरुण डॉक्टर शिकून गेले. मीही थांबून पाहते. सरांइतका वेळ थांबणे मला जमत नाही.

सरांच्या पंच्याहत्तरीचा सत्कार करायचे आम्ही विद्यार्थ्यांनी ठरवले तेव्हा त्यांना तयार करण्याचे काम माझ्यावर आले. पहिल्या फोनला त्यांनी नको म्हटले. दुसऱ्या फोनला प्रवास झेपणार नाही म्हणाले. तिसऱ्यांदा मी सत्काराचे काही बोललेच नाही. आईने देगलूरच्या घरातली रस्त्याकडची खोली झाडून ठेवली आहे, तिथे सकाळी ऊन येते, तुमच्या पूजेला बेलाचे झाड दारातच आहे, एवढेच सांगितले. ते मग म्हणाले, "येतो."

सर, आपण ज्यांना शिकवले ते मराठवाड्यातल्या गावोगावी पसरले आहेत. कुणी निलंग्याच्या रुग्णालयात आहे, कुणी लातूरला अतिदक्षता विभागात, कुणी बिलोलीच्या आरोग्य केंद्रात. आम्ही जेव्हा जेव्हा रुग्णाचा हात आधी हातात घेतो, तेव्हा आपणच तिथे असता. आपल्याला निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. आपली चाल अशीच ताठ राहो, नजर अशीच धारदार राहो, आणि रविवारचे फोन कधीही न चुकोत. शंभराव्या वर्षी आपला असाच गौरव करायला आम्ही सगळे, तोवर म्हातारे झालेलो, पुन्हा जमू.

परवा गौरीचा फोन आला होता. येण्याचे तिकीट तिने काढले आहे. परतीचे कधीचे काढू, असे ती विचारत होती. मी तिला अजून काही कळवलेले नाही.